मे महिन्यात रात्री आठची वीज कुठून आणायची?

सार्वजनिक जाळ्याला वीज पुरवणारं मोठं केंद्र आज गोव्यात एकही नाही. सांकवाळला नाफ्थ्यावर (खनिज तेलापासून निघणाऱ्या इंधनावर) चालणारं ४८ मेगावॉटचं एक होतं. ते १९९९ मध्ये सुरू झालं आणि राज्याशी केलेला पंधरा वर्षांचा करार ऑगस्ट २०१४ मध्ये संपला. आज आपल्या घरातला पंखा फिरतो तो मुख्यतः छत्तीसगडमधल्या कोरबा आणि सिपत, मध्य प्रदेशातल्या विंध्याचल, तेलंगणातल्या रामगुंडम अशा केंद्रांत जळणाऱ्या कोळशावर. थोडी वीज गुजरातेतल्या गॅस केंद्रांची, थोडी तारापूर आणि काक्रापारच्या अणुभट्ट्यांची, आणि अलीकडे सौर नि पवन करारांमधलीही. कोरबा पणजीपासून हजार किलोमीटरहून लांब आहे. तिथली राख आपल्या अंगणात पडत नाही, त्यामुळे गोव्यात विजेची चर्चा निघते ती लाइट गेल्यावरच.

राज्य सरकारने २०५० पर्यंत शंभर टक्के अक्षय ऊर्जेचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. ऐकायला बरं वाटतं. पण शंभर टक्के कशाचे? वर्षभरात वापरलेल्या एकूण युनिटांचे, की वर्षातल्या प्रत्येक तासाला वापरलेल्या विजेचे? या दोन प्रश्नांची उत्तरं इतकी वेगळी निघतात की एकासाठी केलेली तयारी दुसऱ्याला पुरत नाही. दीर्घकालीन वीज नियोजन हा किचकट विषय खरं तर एवढ्याशा फरकावर उभा आहे.

आधी वर्षाचा हिशेब करू, तो सोपा आहे. गोव्याला वर्षाला ढोबळमानाने ५०० कोटी युनिट वीज लागते (एक मेगावॉट तासभर वापरला की हजार युनिट होतात). एक मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्या हवामानात वर्षाला साधारण १४ लाख युनिट देतो. म्हणजे साडेतीन हजार मेगावॉटच्या आसपास पॅनल हवेत. मेगावॉटमागे चार एकर धरले तर १४ हजार एकर, म्हणजे ५७ चौरस किलोमीटर. राज्याचं क्षेत्रफळ आहे ३,७०२ चौरस किलोमीटर, त्यातला हा दीड टक्का. कागदावर अशक्य मुळीच नाही. पण पूर्वेचा डोंगराळ भाग अभयारण्यांत, सखल भाग खाजनांत (बांध घालून केलेल्या खाडीकाठच्या शेतांत) आणि भाटांत (माडांच्या बागायतींत), आणि उरलेल्या जमिनीवर कोमुनिदादींपासून (गावकीच्या जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांपासून) बिल्डरांपर्यंत सगळ्यांचा डोळा. खाणींमुळे उघड्या पडलेल्या जमिनीचं नाव दर वेळी निघतं आणि ते निघायलाच हवं, कारण तिथे पॅनल लावायला झाडं तोडावी लागणार नाहीत. मात्र २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव पुन्हा सुरू झालेत, तेव्हा तीही जमीन सरसकट गृहीत धरता येत नाही.

एवढं सगळं जमलं, असं समजू. वर्षाच्या हिशेबात गोवा शंभर टक्के सौर झाला. आता त्याच गोव्यातला मे महिन्यातला एक दिवस बघू.

सकाळी सहा-सातला पाण्याचे पंप, गिझर, मिक्सर. नऊनंतर दुकानं आणि कार्यालयं. वेर्णा, कुंडई, पिसुर्ले, कुंकळ्ळीचे कारखाने रात्रंदिवस वीज ओढत असतातच. त्यात पोलादाच्या भट्ट्या आल्या की आकडा वाढतो. दुपारी बाराला ऊन डोक्यावर असतं तेव्हा साडेतीन हजार मेगावॉटचे पॅनल अडीच हजारांच्या आसपास वीज देत असतील, आणि राज्याची मागणी असेल सात-आठशे मेगावॉट. उरलेली कुणाला तरी विकायची. पण त्याच घटकेला गुजरात, राजस्थान, कर्नाटक सगळेच सौर वीज विकायला बसलेले, त्यामुळे भाव पडलेला. चारनंतर उत्पादन उतरायला लागतं. सातच्या सुमाराला सूर्य समुद्रात जातो आणि साडेतीन हजार मेगावॉटचं उत्तर शून्य येतं. मागणी मात्र तशीच असते, किंबहुना चढतेच: घरातले दिवे नि टीव्ही, हॉटेलांची स्वयंपाकघरं, लग्नाचे हॉल, आणि उकाड्याने हैराण होऊन झोपायच्या कितीतरी आधी लावलेले एसी.

एसीचा भार फार जणांच्या लक्षात येत नाही. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण दीड किलोवॉट ओढतो. असे ५० हजार एसी एका वेळी चालू झाले की ७५ मेगावॉट होतात. सांकवाळचं अख्खं केंद्र होतं ४८ मेगावॉटचं! आणि एसी घेणाऱ्याला कुठलीही परवानगी लागत नाही, हप्त्यांवर आणला की दुसऱ्या दिवशी भिंतीवर. नियोजनकाराला मात्र त्याच्यासाठी वीज, तार आणि ट्रान्सफॉर्मर काही वर्षं आधीच योजून ठेवावा लागतो.

छपरावरच्या सौर पॅनलांचंही असंच. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटसाठी ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, बिल उतरतं, आणि ज्याचं छप्पर मोकळं त्याने ते जरूर लावावं. पण राज्याच्या पातळीवर त्याने काय होईल? गोव्यात ५० हजार घरांवर प्रत्येकी तीन किलोवॉट बसले तर १५० मेगावॉट झाले. वर्षाचे युनिट मोजले तर एकूण गरजेचे जेमतेम चार टक्के. दुपारी बाराला मोजलं तर शंभर मेगावॉटच्या वर, म्हणजे मागणीचा चांगला सातवा-आठवा हिस्सा. रात्री आठला काहीच नाही. पॅनल तेच, तीन वेळा मोजले आणि तीन उत्तरं आली. म्हणून ‘सौर ऊर्जेने अमुक टक्के गरज भागेल’ असं वाक्य दिसलं की मी आधी विचारतो, किती वाजता?

देशाच्या आराखड्यात कोळसा अजून का आहे

वीज कायदा २००३ नुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाला दर पाच वर्षांनी राष्ट्रीय विद्युत आराखडा करावा लागतो. मे २०२३ मध्ये आलेल्या आराखड्यात २०३१-३२ ची देशाची कमाल मागणी ३६६ गिगावॉट धरली आहे (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट). ३० मे २०२४ ला देशाने २५० गिगावॉटचा टप्पा गाठला होता, त्यावरून वाढीचा अंदाज येईल. आता गंमत बघा. त्याच आराखड्यात २०३१-३२ साठी सौर क्षमता सुमारे ३६५ गिगावॉट आहे. एकट्या सूर्याची क्षमता देशाच्या कमाल मागणीइतकी! त्यावर १२२ गिगावॉट पवन. तरीही कोळसा २६० गिगावॉटच्या आसपास ठेवलाय, आणि वर बॅटऱ्या ४७ गिगावॉट, उदंचन जलविद्युत (पाणी वर चढवून साठवलेली वीज) सुमारे २७ गिगावॉट. सूर्यास्तानंतरचे तास भरून काढायला हे सगळं लागतं.

असे आकडे निघतात कसे? पद्धत अशी. आधी पुढच्या दहा-वीस वर्षांची मागणी तासातासाने अंदाजायची. गोव्यासाठी त्यात मोपाचा विमानतळ येतो, नव्या वसाहती, इलेक्ट्रिक स्कूटरी, पर्यटकांची वर्दळ हे सगळं येतं. मग वीज मिळवायचे जितके मार्ग आहेत त्यांची यादी करायची: कोळसा, पाणी, अणू, सौर, पवन, बॅटरी. प्रत्येकाची किंमत, आयुष्य, कुठल्या महिन्यात कुठल्या तासाला किती देतो, किती वेगाने कमी-जास्त होतो, धूर किती, हे सगळं संगणकाला द्यायचं आणि सांगायचं, प्रत्येक तास भागला पाहिजे आणि एकूण खर्च कमीत कमी यायला हवा. संगणक लाखो जोड्या लावून बघतो.

‘प्रत्येक तास’ म्हणताना थोडी सूट असते. राष्ट्रीय आराखड्यात मागणी पूर्ण न भागण्याची शक्यता ०.२ टक्क्यांपर्यंत मान्य केली आहे. वर्षाचे ८,७६० तास धरले तर साडेसतरा तास. हे तास शून्यावर आणायचे म्हटले तर फक्त त्यांच्यासाठी कितीतरी यंत्रणा वर्षभर नुसती उभी ठेवावी लागेल आणि तिचा खर्च बिलात येईल. सूट किती द्यायची हा तांत्रिक दिसणारा पण मुळात समाजाने ठरवायचा प्रश्न आहे, आणि तो कुणी आपल्याला विचारत नाही.

युरोपातल्या श्रीमंत देशांना हे गणित थोडं सोपं जातं. तिथे मागणी फारशी वाढत नाही. जुनं काढायचं आणि नवं बसवायचं. आपल्याला जुनं चालू ठेवून वाढीव गरज नव्याने भागवायची आहे, आणि तीही महागड्या कर्जावर. या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबू या, कारण तो दुर्लक्षित राहतो.

कोळशाच्या विजेत मोठा खर्च रोजच्या इंधनाचा असतो. सौर प्रकल्पात इंधन फुकट, पण सगळा पैसा पहिल्याच दिवशी ओतावा लागतो. एक मेगावॉटला चार कोटी रुपये लागले आणि ते २५ वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचे, असं धरा. व्याज ६ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता ३१ लाखांच्या आसपास. १४ लाख युनिटांनी भागा: युनिटमागे सव्वादोन रुपये. व्याज १२ टक्के झालं की हप्ता ५१ लाख, आणि तेच युनिट साडेतीन रुपयांच्या वर. ऊन तेच, पॅनल तेच. हवामान परिषदांत विकसनशील देश स्वस्त कर्जासाठी भांडतात त्याचं कारण या दीड रुपयात आहे. भारतात लिलावातले सौर दर गेली काही वर्षं अडीच-तीन रुपयांच्या दरम्यान राहिलेत, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत तर १ रुपया ९९ पैसे लागला. त्यात पॅनलांच्या घसरलेल्या किमतींइतकाच हात आहे सरकारी हमीमुळे सावकाराला वाटणाऱ्या विश्वासाचा.

करार पंचवीस वर्षांचा, अंदाज पाच वर्षांचा

वीज विकत घेण्याचे करार लांबलचक असतात, २५ वर्षांचे सर्रास. औष्णिक केंद्राच्या करारात दराचे दोन भाग असतात. एक स्थिर आकार, जो केंद्र उभं राहिलं म्हणून द्यायचा, आणि दुसरा घेतलेल्या युनिटांचा. लग्नासाठी हॉल घेतला की पाहुणे किती आले याच्याशी भाड्याचा संबंध नसतो, ताटं तेवढी मोजली जातात, तसंच हे. मागणीचा अंदाज चुकला तर हॉल रिकामा आणि भाडं चालू.

मराठी वाचकाला याचं उदाहरण लांब शोधायला नको. गुहागरजवळचा एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आठवा. करार डिसेंबर १९९३ चा. सरकार बदललं, १९९५ मध्ये तो रद्द झाला, मग फेरवाटाघाटी होऊन पुन्हा मार्गी लागला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये चालू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. डॉलरशी बांधलेला दर, महागलेला नाफ्था, आणि वीज घेतली नाही तरी द्यायचे पैसे. महाराष्ट्राच्या वीज मंडळाला ते झेपलं नाही. त्या वेळी वाद परकीय कंपनीवरून जास्त गाजला. माझ्या मते खरा धडा होता तो एकाच इंधनावर, एकाच करारात, एवढा मोठा डाव लावण्याचा.

आता उलट भीती आहे. आज कोळशाच्या नव्या केंद्राशी २५ वर्षांचा करार केला तर तो २०५० च्या पुढे जातो, आणि देशाने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० साल जाहीर केलं आहे. मधल्या काळात बॅटरी आणखी स्वस्त झाली तर? ती झालीच आहे. २०२२ मध्ये एका मोठ्या सरकारी लिलावात बॅटरी साठवणीचं भाडं मेगावॉटमागे महिन्याला १० लाख ८३ हजारांच्या पुढे लागलं होतं. २०२५ मध्ये असेच दर दोन लाखांच्या आसपास आले. तीन वर्षांपूर्वीच्या आराखड्यातला बॅटरीचा भाव आज वापरणं म्हणजे गेल्या चतुर्थीच्या भावाने यंदाचे नारळ मागण्यासारखं होईल, नारळवाला हसेल. म्हणून चांगला नियोजनकार एक भविष्य धरून बसत नाही. मागणी जोरात वाढली तर, रेंगाळली तर, बॅटरी स्वस्त झाली तर, कोळसा महागला तर, अशी चार-सहा चित्रं काढतो आणि यातल्या कुठल्याही चित्रात पस्तावायची पाळी येणार नाही असे निर्णय आधी घेतो. बाकीचे जमेल तितके पुढे ढकलतो. पुढे ढकलणं हाही नियोजनाचाच भाग आहे, फक्त त्याचं उद्घाटन करता येत नाही.

गोव्याच्या संध्याकाळीकडे परत येऊ. सात ते अकरा या चार तासांत सरासरी ६०० मेगावॉट धरले तर २४ लाख युनिट होतात. एवढी साठवण फक्त संध्याकाळसाठी. पहाटेपर्यंतची रात्र वेगळीच. सगळं बॅटरीवर टाकायची गरज नाही, टाकूही नये. पश्चिम आणि दक्षिण भारतात वारा जून ते सप्टेंबर जोरात असतो, म्हणजे नेमका आपल्याकडे पावसाने सूर्य झाकलेला असतो तेव्हा, आणि तो रात्रीही वाहतो. कर्नाटक-गुजरातेतली पवन ऊर्जा गोव्याच्या पावसाळ्याला चांगली जुळते. मे महिन्यासाठी मात्र साठवण हवीच. उदंचन प्रकल्पात दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वरच्या तलावात चढवतात आणि संध्याकाळी खाली सोडून वीज काढतात. महाराष्ट्रात घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प चालू आहे. नव्या प्रकल्पांच्या जागा बहुतेक सह्याद्रीतच आहेत, त्यामुळे ‘हरित’ म्हणून तेही फुकट मिळणार नाहीत.

दुसरा मार्ग स्वस्त आहे, पण त्याची कुणी फीत कापत नाही: वापरच दुपारी सरकवायचा. मालिम जेटीच्या आसपासचा बर्फाचा कारखाना घ्या. मिठाच्या थंडगार पाण्याच्या टाकीत लोखंडी साचे उभे असतात, अमोनियाचा कॉम्प्रेसर ते पाणी थंड ठेवतो, आणि लादी गोठायला तास न् तास लागतात. ट्रॉलरवाल्याला लादी हवी असते निघताना. ती दुपारी गोठली की रात्री, याच्याशी त्याला काय करायचंय? कॉम्प्रेसर अकरा ते चार जोरात चालवला आणि सात ते दहा बंद ठेवला, तर जाड इन्सुलेशनच्या टाकीतली थंडी तेवढा वेळ टिकते. ती टाकी एक प्रकारे बॅटरीच झाली, आणि ती आधीच बांधलेली आहे. शीतगृहं, पाणीपुरवठ्याचे पंप, हॉटेलांचे गरम पाण्याचे बॉयलर, इलेक्ट्रिक बसचं चार्जिंग, सगळीकडे हे थोडंफार जमतं. पण मालक ते करणार कशाला, जर युनिटचा दर दुपारी आणि रात्री सारखाच असेल? २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांत दर १० ते २० टक्के कमी आणि मागणीच्या तासांत तितकेच जास्त ठेवायची वाट घालून दिली आहे. त्यासाठी वेळ नोंदवणारे मीटर हवेत, आणि स्मार्ट मीटरचं नाव काढलं की लोक बिल वाढणार म्हणून बिथरतात. त्यांचा अविश्वास अगदीच निराधार नाही. दुपारची सवलत आधी देऊन मग संध्याकाळचा अधिभार लावला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं.

उरलं तारांचं. स्वतःचं केंद्र नसलेल्या राज्याला वीज आणायला लाइन हवीच, मग ती कोळशाची असो की कच्छच्या सूर्याची. गोव्यात वीज आणण्यासाठीच्या तम्नार प्रकल्पाची ४०० केव्ही (४०० हजार व्होल्ट) लाइन मोलेच्या जंगलातून जाणार म्हटल्यावर २०२० मध्ये गोव्यात आंदोलन उभं राहिलं. ‘विकास की पर्यावरण’ असा त्याचा ठरावीक मथळा झाला. मला त्यातला निकाल जास्त महत्त्वाचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने २०२१ मध्ये सुचवलं की जंगलात नवा पट्टा न पाडता जुन्या २२० केव्ही लाइनच्या आधीच मोकळ्या असलेल्या पट्ट्यातून मार्ग काढावा. न्यायालयाने २०२२ मध्ये हे मानलं. म्हणजे पर्याय होता. तो आंदोलन होईपर्यंत कुणी गंभीरपणे मांडला नव्हता. वीज कुठून आणायची याचं नियोजन एका टेबलावर आणि झाडं कुठली तोडायची याचं दुसऱ्या टेबलावर, अशी ही पद्धत आहे. लाइनचा मार्ग सुरुवातीच्या हिशेबातच धरला, त्यात जंगलाची किंमत घातली, तर संगणक कदाचित वेगळंच उत्तर देईल: थोडी लाइन, थोडी राज्यातली साठवण, थोडा सरकवलेला वापर.

जूनच्या पहिल्या वादळात फांदी पडून फीडर ट्रिप होतो, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. तो गावातल्या वाहिन्यांचा, फांद्या वेळेवर न छाटण्याचा प्रश्न. गोव्यात वीज जाते ती बहुतेक वेळा अशी, तुटवड्यामुळे नव्हे. पण लाइट गेली की दोन्हींचं खापर एकत्र फुटतं आणि दीर्घ नियोजनाच्या नावाखाली भलत्याच गोष्टी मंजूर करून घेतल्या जातात, म्हणून वेगळं सांगितलं.

जून २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक वितरकाने पुढच्या दहा वर्षांची संसाधन पर्याप्ततेची (म्हणजे मागणी भागेल इतकी वीज हाताशी ठेवण्याची) योजना करायची आणि ती दर वर्षी पुढे सरकवायची आहे. गोव्यात वितरक म्हणजे राज्याचं वीज खातंच, आणि त्याच्यावर देखरेख संयुक्त वीज नियामक आयोगाची. दर ठरवण्याआधी आयोग जाहीर सुनावणी घेतो, लेखी हरकती मागवतो. कुणीही सामान्य ग्राहक त्या देऊ शकतो. खात्याच्या याचिकेत वीज खरेदीचा तक्ता असतो, कुठल्या केंद्राकडून वर्षाला किती युनिट, स्थिर आकार किती, युनिटचा दर किती. तो वाचताना एक गोष्ट मागून बघा: मे महिन्यातल्या एका दिवसाची संध्याकाळी सात ते अकराची मागणी, आणि त्यातला किती भाग कुठल्या करारातून भागणार आहे, आज आणि २०३५ मध्ये.